हवाईसुंदरीचा अर्ज: एका नोकरीच्या अटींचा इतिहास

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकाने मला विचारलं, "बाई, इतिहासाच्या व्याख्यानमालेत एअर होस्टेस कुठून आली?" त्याचं उत्तर आधी देते. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने केबिन क्रूच्या मुलाखतीला जायचं ठरवलं. बी.ए. झालेली, तालुक्याच्या गावची मुलगी. मुलाखतीहून परतली आणि म्हणाली, "मॅडम, त्यांनी आधी मला भिंतीजवळ उभं केलं, टाचा उचलायला लावल्या आणि हात किती वर जातो ते मोजलं. मग वजन. मग अंगावर कुठे गोंदवलंय का. प्रश्न विचारायची वेळ त्यानंतर आली." तिला राग नव्हता आला, नवल वाटलं होतं. मला मात्र वाटलं, या मोजमापाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे. तोच आज सांगायचा आहे.

शब्दापासून सुरुवात करू. इंग्रजीत 'एअर होस्टेस', म्हणजे हवेतली यजमानीण. आपण मराठीत तिची 'हवाईसुंदरी' केली. यजमानीण गेली, सुंदरी आली. हिंदीत 'विमान परिचारिका' म्हणतात. परिचारिका म्हणजे नर्स. गंमत अशी, की इतिहासाच्या दृष्टीने हिंदी शब्द जास्त बरोबर आहे.

मुळात हे काम पुरुषांचं. 1912 साली जर्मनीत हाइनरिश कुबिस नावाचा गृहस्थ झेपेलिन जातीच्या हवाई जहाजावर प्रवाशांची सरबराई करू लागला. जगातला पहिला फ्लाइट अटेंडंट म्हणून त्याचं नाव घेतात. 1920 च्या दशकात ब्रिटिश विमानांवर 'केबिन बॉय' असत. वजनाने हलकी, किरकोळ अंगाची मुलं. विमान लहान, तेव्हा किलो-किलोचा हिशेब. वजनाची अट अशी आली. ती अट मुलांना होती आणि तिचा सौंदर्याशी काहीही संबंध नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

मग 1930. अमेरिकेतली एलन चर्च नावाची नर्स. तिला विमान चालवायचं होतं, शिकतही होती. बोइंग एअर ट्रान्सपोर्ट कंपनीकडे गेली तर वैमानिक म्हणून बाईला घेणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिने दुसरी कल्पना मांडली: विमानात नर्स ठेवा. लोक उडायला घाबरतात, त्यांना ओकाऱ्या होतात, नर्स बरोबर असली तर धीर येईल. कंपनीला पटलं. 15 मे 1930 रोजी ती ओकलंडहून शिकागोच्या विमानात चढली. वीस तासांचा प्रवास, वाटेत तेरा थांबे. तिच्यासह आठ जणी घेतल्या, सगळ्या नर्स. अटी काय? शिक्षण नर्सिंगचं. अविवाहित. वय 25 च्या आत. उंची 5 फूट 4 इंचांपेक्षा कमी, कारण आत उभं राहायला जागा नाही. वजन 115 पौंडांपेक्षा कमी, म्हणजे साधारण 52 किलो. पगार महिना 125 डॉलर. आणि काम म्हणाल तर जेवण वाढायचं, सामान उचलायचं, सैल झालेल्या खुर्च्यांचे स्क्रूसुद्धा आवळायचे.

या यादीत दोन प्रकारच्या अटी आहेत. एक कौशल्याची: नर्सिंग. बाकीच्या देहाच्या आणि घराच्या: वय, वजन, लग्न. आता पुढे काय झालं? दुसरं महायुद्ध आलं, नर्सेस सैन्याला हव्या होत्या, कंपन्यांनी नर्सिंगची अट काढून टाकली. विमानं मोठी झाली, छत उंच झालं, दोन-चार किलोंनी फरक पडेनासा झाला. पण वय, वजन आणि लग्न या अटी जागच्या जागी. कौशल्याची अट गळाली आणि देहाची राहिली. उलट नव्या आल्या. 1953 साली एका मोठ्या अमेरिकन विमान कंपनीने 32 व्या वर्षी निवृत्ती, असा नियम केला. बत्तिसाव्या वर्षी!

आता मुंबईला येऊ. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. 1953 साली राष्ट्रीयीकरण झालं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स अशी दोन सरकारी महामंडळं झाली. 1960 साली जेट विमान आलं. साठच्या दशकात होस्टेसच्या अंगावरचा स्कर्ट जाऊन साडी आली. ही नोकरी काय होती ते आजच्या मुलामुलींना कळणं कठीण आहे. परकीय चलन मिळत नव्हतं, पासपोर्ट हीच मोठी गोष्ट होती, तेव्हा विशीतली एक मुलगी लंडन-न्यूयॉर्कला जाऊन येते, पगार घेते, हॉटेलात राहते! शेजारीपाजारी दोन्ही बोलत: कौतुकही आणि 'तसलं' काहीतरीही. अर्जांचा ढीग पडे. निवड झालेल्या मुलीचं घरात कौतुक होई आणि त्याच घरात तिच्या लग्नाची काळजीही सुरू होई.

या नोकरीच्या सेवानियमांत काय लिहिलं होतं, ते आता ऐका. एअर इंडियाचे सेवानियम 46 आणि 47. होस्टेस निवृत्त होईल 35 व्या वर्षी. किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर लग्न होताच. किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली तर तेव्हा. यातलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर व्यवस्थापकीय संचालकाला वाटलं तर तो एकेक वर्ष मुदत वाढवू शकेल, जास्तीत जास्त 45 पर्यंत. दर वर्षी त्याच्या मर्जीवर.

आणि त्याच विमानात, त्याच गल्लीत, तीच ट्रॉली ढकलणारा पुरुष? त्याच्या पदाचं नाव 'असिस्टंट फ्लाइट पर्सर'. तो 58 व्या वर्षी निवृत्त. त्याने लग्न कधी करावं यावर काही नियम नाही. बाप झाला तर पेढे वाटावेत.

इथे एक मिनिट थांबते, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. मुलगा आणि मुलगी एकाच विमानात काम करणार, पण अर्ज दोन वेगळे. दोन पदनावं, भरतीच्या वेगळ्या अटी, शिक्षणाची वेगळी अपेक्षा, बढतीच्या वेगळ्या पायऱ्या. अर्ज भरताना कुणाला त्याचं काही वाटत नसे. बायकांचं पद होस्टेसचं, पुरुषांचं पर्सरचं, एवढंच. वीस वर्षांनी कोर्टात मात्र हाच फरक निर्णायक ठरला.

पण एकदम कोर्टात जायला नको. आधी 1965 साल बघू, कारण त्या वर्षी दोन उलट्या गोष्टी घडल्या. मुंबईतल्या एका औषध कंपनीत बाटल्या भरणं, लेबलं लावणं अशा खात्यात काम करणाऱ्या मुलींना लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. 'बॉम्बे लेबर युनियन'ने हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका गैरहजर राहतात. न्यायालयाने ते मानलं नाही. लग्न झालेली बाई न झालेलीपेक्षा जास्त गैरहजर राहील असं गृहीत धरायला काही कारण नाही, म्हणून नियम रद्द. बाटल्यांवर लेबलं लावणाऱ्या मुलीला हा न्याय मिळाला. आणि त्याच वर्षी विमान कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर न्या. खोसला यांच्या लवादाने निवाडा दिला; त्यात होस्टेसवरची लग्नाची आणि वयाची बंधनं कायम राहिली. 1972 साली दुसरा लवाद बसला, न्या. महेश यांचा, तिथेही मूळ चौकट हलली नाही. लेबल लावणारी मुलगी जिंकते आणि विमानातली हरते, याचं कारण काय असावं? मला वाटतं, लेबल लावणाऱ्या मुलीकडे मालक हात म्हणून बघत होता. विमानातल्या मुलीकडे जाहिरात म्हणून. जाहिरातीला वय झालेलं चालत नाही.

आता जरा अमेरिकेत डोकावून परत येऊ, कारण तिथे नेमक्या याच सुमारास हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. सेलिओ डायझ नावाच्या तरुणाने पॅन ॲम कंपनीकडे केबिन क्रूसाठी अर्ज केला. त्याला नाकारलं, का तर पुरुष आहे म्हणून. तो कोर्टात गेला. कंपनीने साक्षीला आणले डॉ. एरिक बर्न, 'गेम्स पीपल प्ले' या खूप खपलेल्या पुस्तकाचे लेखक, मानसोपचारतज्ज्ञ. विमानाच्या बंद जागेत प्रवाशाच्या मनाला स्त्रीच्या वावरण्याने आराम वाटतो, अशा धर्तीचा युक्तिवाद. खालच्या कोर्टाला तो पटलासुद्धा! 1971 साली अपील कोर्टाने तो फेटाळला. विमान कंपनीचं मुख्य काम माणसांना सुखरूप पोचवणं; प्रवाशांना कोण आवडतं ही गोष्ट दुय्यम, आणि तिच्या आधारे कुणाला नोकरी नाकारता येणार नाही. त्याच वर्षी लग्नबंदीचा नियमही दुसऱ्या एका अमेरिकन खटल्यात बेकायदा ठरला. म्हणजे तिकडे एका पुरुषाच्या अर्जाने 'हे काम नक्की कशाचं आहे?' हा प्रश्न कोर्टासमोर ठेवला.

आपल्याकडे तो प्रश्न ठेवला बायकांनी. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी एअर होस्टेस मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झालं. वातावरण तसं अनुकूल वाटत होतं. दोनच वर्षं आधी, 1979 साली, परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमावर चांगलेच कोरडे ओढले होते. 28 ऑगस्ट 1981 ला होस्टेस प्रकरणाचा निकाल लागला. न्या. मुर्तझा फजल अली यांनी लिहिलेला.

हा निकाल कायद्याच्या वर्गात 'स्त्रियांचा विजय' म्हणून शिकवतात. मी तो पूर्ण वाचला तेव्हा मला जरा चक्रावल्यासारखं झालं. विजय आहेच. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारं कलम न्यायालयाने रद्द केलं, आणि फार कडक शब्दांत: हे क्रूर आहे, भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे. मुदतवाढ द्यायची की नाही हे एका संचालकाच्या मर्जीवर सोडणं, तेही रद्द. तरुण, देखण्या मुलीच हव्यात या धर्तीचं जे समर्थन पुढे आलं, तेही न्यायालयाने खपवून घेतलं नाही. इथपर्यंत टाळ्या.

आता पुढचं. चार वर्षं लग्न करायचं नाही, हा नियम न्यायालयाने कायम ठेवला. कारण दिलं ते असं: मुलगी एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागली तर तेविसाव्या वर्षी लग्न करू शकते, हे तिच्या प्रकृतीला चांगलं, आणि देशाच्या कुटुंबनियोजनालाही हातभार! त्याच ओघात असंही सुचवलं, की दोन मुलं हयात असताना तिसऱ्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम केला तर तो योग्य ठरेल. बघा, सरकारी कंपनीच्या नोकरीच्या अटींतून लोकसंख्येचं धोरण राबवायचं, आणि तेही फक्त होस्टेसच्या शरीरातून. पर्सरला तीन मुलं असली तरी देशाच्या लोकसंख्येवर काही परिणाम होत नसावा.

आणि 35 विरुद्ध 58? तेही कायम. मघाशी मी म्हटलं होतं ना, दोन वेगळे अर्ज. न्यायालय म्हणालं, होस्टेस आणि पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत. त्यांची भरती वेगळी, पात्रता वेगळी, बढती वेगळी. समानता समानांमध्ये मागायची. हे समानच नाहीत, तेव्हा कलम 14 चा भंग होत नाही. आणि घटनेत 'केवळ' लिंगाच्या कारणावरून भेदभाव करू नये असं म्हटलंय; इथे लिंगाबरोबर इतर कारणंही आहेत. म्हणजे कंपनीने आधी बायकांसाठी वेगळा अर्ज छापला, आणि मग तो वेगळा अर्जच भेदभावाचं समर्थन झाला. जो फरक तपासायचा होता तोच पुरावा म्हणून स्वीकारला गेला. चाळीस वर्षं होऊन गेली, पण मला हा निकालातला सर्वात कच्चा दुवा वाटतो.

यानंतरचं जरा भराभर सांगते. 1989 साली केंद्र सरकारने होस्टेसनाही 58 पर्यंत नोकरी असावी असं सांगितलं, पण 58 पर्यंत नोकरी आणि 58 पर्यंत उड्डाण यात फरक राहिला. बायकांनी ठरावीक वयानंतर जमिनीवरचं काम करायचं. ही मर्यादा पुढे पन्नास झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 2001 साली हा फरक नाकारला. 2003 साली यशस्विनी मर्चंट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मान्य केला, करारात तसं ठरलंय म्हणून. आणि इथे एक अवघड गोष्ट आहे, ती लपवू नये: या खटल्यात कर्मचाऱ्यांची संघटना या स्त्रियांच्या विरुद्ध बाजूला होती. पन्नाशीनंतर रात्रीअपरात्री उडण्यापेक्षा जमिनीवर काम मिळतंय ते बरं, असं मानणाऱ्या बायकाही होत्या. 'बायकांना काय हवंय' असं आपण सरसकट बोलतो तेव्हा हा खटला आठवावा. मग 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने उड्डाणातल्या पर्यवेक्षकाचं पद बायकांनाही खुलं असल्याचं मान्य केलं. तोवर कितीही अनुभवी होस्टेस असली तरी विमानात तिच्यावर पुरुष पर्यवेक्षकच असे.

मधलं एक साल मुद्दाम मागे ठेवलं होतं: 1986. पॅन ॲमने 1985 मध्ये आपल्या भारत मार्गांसाठी भारतीय क्रू घ्यायचं ठरवलं. अर्ज करणाऱ्यांत मुंबईत वाढलेली, मॉडेलिंग करणारी नीरजा भनोत होती. तिचं लग्न झालेलं होतं, ते फार थोडे दिवस टिकलं, ती माहेरी परत आली होती. 'अविवाहित' हीच पहिली अट असलेल्या अर्जात तिने काय लिहिलं असतं? इथे तिची निवड झाली आणि ती सीनियर पर्सर झाली. पदनाव ऐकलंत? पर्सर. 5 सप्टेंबर 1986 ला पहाटे कराचीत तिच्या विमानात अतिरेकी घुसले. तिने कॉकपिटला इशारा दिला, वैमानिक वरच्या दारातून निसटले, त्यामुळे विमान उडवता येईना. पुढचे काही तास आत सर्वात वरिष्ठ तीच. गोळीबार सुरू झाल्यावर तिने संकटकालीन दार उघडून लोकांना बाहेर काढलं आणि तिला गोळ्या लागल्या. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तिच्या जागी कोण असावं हे ठरवताना मुलाखत घेणाऱ्याने काय तपासायला हवं होतं? केस, उंची, हसू?

म्हणून आता त्या भिंतीजवळच्या मोजमापाकडे परत येते. माझ्या विद्यार्थिनीचा हात का मोजला? डोक्यावरच्या कप्प्यात प्रवाशांच्या बॅगा असतात तशी संकटकाळची साधनंही असतात, त्यांच्यापर्यंत हात पोचायला हवा. आखातातल्या एका मोठ्या कंपनीची अट आहे, टाचा उचलून 212 सेंटीमीटर. हे मोजमाप मला मान्य आहे, कारण ते कामातून आलंय. नवं विमान मान्य होताना निम्मीच दारं वापरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. आणि आपल्याकडे दर 50 आसनांमागे एक क्रू सक्तीचा आहे तो चहासाठी नव्हे, यासाठी. हात मोजा, पोहता येतं का बघा, आवाज किती मोठा निघतो तेही बघा.

पण वजन? 2014 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने क्रूसाठी बीएमआयच्या मर्यादा घातल्या. पुरुषांसाठी 'योग्य' 18 ते 25, आणि बायकांसाठी 18 ते 22. त्याच्या आधारे 2015 मध्ये एअर इंडियात सव्वाशेच्या आसपास कर्मचाऱ्यांवर उड्डाण थांबण्याची वेळ आली. सुरक्षेसाठी चपळपणा हवा, कबूल. पण 24 बीएमआयचा पुरुष दार उघडू शकतो आणि 24 ची बाई नाही, हे कोणत्या विमानात सिद्ध झालं? 1981 ला निदान दोन अर्ज होते. आता अर्ज एक आहे, आकडे दोन.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचारणारच. त्या वेळी नाही झाली निवड. इंग्रजीत अडखळली, गटचर्चेत बोललीच नाही. दुसऱ्यांदा जाण्याआधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'तुम्हाला हेच काम का करायचंय?' असं विचारलं तर सगळ्या मुली 'मला प्रवास आवडतो' म्हणतात, मी काय सांगू? मी म्हटलं, तुला खरंच का करायचंय? ती म्हणाली, "पुराच्या वेळी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मी होडीत बसवलं होतं. माणसं घाबरली की मला शांत व्हायला होतं." मी म्हटलं, हे सांग, मोडक्या इंग्रजीत सांग, पण हेच सांग. ती आता उडते. नाव आणि कंपनी सांगत नाही, तिला आवडणार नाही.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. हो, तुम्ही, निळा शर्ट. काय म्हणालात? 'हवाईसुंदरी' ऐवजी मराठीत काय म्हणायचं? ती स्वतःला 'क्रू' म्हणते. मीही तेच म्हणते.